ऑनलाइन पदवी वर्गात टीम-आधारित शिक्षण: कोल्हापूर परिसरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात, म्हणजे कोल्हापूर, सांगली आणि सातारा जिल्ह्यांत ऑनलाइन किंवा मिश्र पद्धतीने शिकवणाऱ्या प्राध्यापकांसाठी आणि शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. उदाहरणं मुद्दाम इथलीच घेतली आहेत. सगळं एका बैठकीत वाचायची गरज नाही. 'टीमला नेमका कसला प्रश्न द्यायचा' हा भाग मात्र सोडू नका, कारण ही पद्धत तिथंच जमते किंवा फसते.

टीम-आधारित शिक्षण म्हणजे आपला नेहमीचा ग्रुप प्रोजेक्टच ना?

नाही. ग्रुप प्रोजेक्टमध्ये काम वाटलं जातं. एकानं प्रस्तावना लिहायची, दुसरीनं तक्ते करायचे, तिसऱ्यानं प्रिंट काढून आणायची. आदल्या रात्री कुणीतरी सगळं एका फाइलमध्ये चिकटवतं आणि तोंडी परीक्षेत ज्याचा तुकडा त्यालाच तेवढा येतो. टीम-आधारित शिक्षणात वाटून घेण्यासारखं काही दिलंच जात नाही. सगळ्यांनी तोच धडा वाचलेला असतो, सगळ्यांपुढे तोच प्रश्न असतो आणि टीमनं मिळून एक निर्णय द्यायचा असतो. निर्णयाचे सहा तुकडे करून सहा जणांना देता येत नाहीत, म्हणून बोलावंच लागतं.

ही पद्धत लॅरी मायकलसन यांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या ओक्लाहोमा विद्यापीठात बसवली. ते व्यवस्थापनशास्त्र शिकवायचे. वर्ग 40 वरून 120 वर गेला आणि एका शिक्षकानं सगळ्यांशी चर्चा करणं अशक्य झालं. आपल्याकडच्या बी.कॉम.च्या वर्गांना ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको.

एक घटक सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसा चालतो?

एका सत्रात पाच ते सात घटक पुरेत. प्रत्येक तासाला ही पद्धत लावायला गेलात तर प्रश्न काढता काढताच दमाल. एका घटकाला दीड ते दोन आठवडे धरा. क्रम असा:

1. तयारी. 15 ते 25 पानं वाचन किंवा एकूण अर्ध्या तासाचे व्हिडिओ, निदान चार दिवस आधी. सोबत अर्ध्या पानाची यादी: यातले कोणते मुद्दे आलेच पाहिजेत.
2. वैयक्तिक तयारी चाचणी. 10 बहुपर्यायी प्रश्न, 15 मिनिटं.
3. टीम तयारी चाचणी. तेच 10 प्रश्न, तेच पर्याय, पण आता टीमनं मिळून. ऑनलाइन वर्गात 25 मिनिटं द्या, कारण खोल्यांत (मीटिंगमधल्या ब्रेकआउट रूममध्ये) जाण्या-येण्यात आणि 'आवाज येतोय का' विचारण्यातच तीन-चार मिनिटं जातात.
4. लेखी अपील, म्हणजे उत्तरतालिकेवर टीमची हरकत.
5. स्पष्टीकरण, 10 ते 15 मिनिटं. ज्या प्रश्नांवर टीमही अडखळल्या तेवढ्यावरच बोलायचं. पूर्ण धडा पुन्हा शिकवायचा नाही, नाहीतर पुढच्या वेळी कुणी वाचून येणार नाही.
6. उपयोजन. खऱ्या प्रसंगावर निर्णय, प्रत्येकी 40 ते 45 मिनिटांच्या दोन किंवा तीन बैठका.

सत्रात दोनदा विद्यार्थी आपल्या टीममधल्या सहकाऱ्यांचं मूल्यमापन करतात. त्याबद्दल पुढे आहे.

सर्रास होणारी चूक दुसऱ्या पायरीवर असते. वैयक्तिक चाचणी सबमिट करताच गुण आणि बरोबर उत्तरं पडद्यावर येतात, आणि टीम चाचणीत बोलायला काही उरत नाही. गूगल फॉर्ममध्ये गुण 'नंतर' जाहीर करण्याचा पर्याय निवडा. मूडलमध्ये (ऑनलाइन वर्ग चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) क्विझच्या रिव्ह्यू ऑप्शनमध्ये 'प्रयत्नानंतर लगेच', 'नंतर, क्विझ सुरू असताना' आणि 'क्विझ बंद झाल्यावर' या तिन्हींखालच्या सगळ्या खुणा काढून टाका. वर्गाआधी विद्यार्थ्याच्या लॉगिननं एकदा स्वतः करून बघा.

टीम किती जणांची आणि कशी पाडायची?

पाच ते सात जण. चार असतील आणि एकाची रेंज गेली तर तिघंच उरतात. आठ झाले की दोघंतिघं ऐकत बसतात. 50 विद्यार्थी असतील तर 8 टीम करा: सहा टीम 6 जणांच्या आणि दोन 7 जणांच्या.

टीम शिक्षकानंच पाडायची आणि कशी पाडली ते वर्गाला उघड सांगायचं. पहिल्या आठवड्यात छोटा फॉर्म भरून घ्या: गाव, मोबाईल की लॅपटॉप, घरी रेंज कशी, बारावी कोणत्या शाखेतून, नोकरी किंवा घरचा व्यवसाय, आणि दिवसातली कोणती वेळ हमखास मोकळी असते.

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. गोकुळ शिरगाव किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत शिफ्टला जाणारा, इचलकरंजीत मागावर रात्रपाळी करणारा आणि सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालणारी यांची मोकळी वेळ वेगवेगळी असते. बाकी सगळ्या बाबतीत टीम जितकी मिश्र तितकी चांगली, पण वेळ मात्र जुळलीच पाहिजे. म्हणून आधी मोकळ्या वेळेनुसार दोन-तीन ढीग करा. मग प्रत्येक ढिगात शाखेनुसार आणि रेंजनुसार क्रम लावा आणि पत्ते वाटावेत तसं 1, 2, 3, 4, पुन्हा 1, 2, 3, 4 करत नावं वाटा. चांगली रेंज असलेले निदान दोघं प्रत्येक टीममध्ये हवेतच.

मित्रमैत्रिणींनी आपापली टीम केली तर काय बिघडतं?

एका गावचे, एकाच एसटीनं येणारे तिघं एका टीममध्ये आले की ते आपापसात ठरवतात आणि उरलेले तिघं मान डोलावतात. सगळ्यांची तयारीही एकसारखीच असते, त्यामुळे मतभेद होत नाही आणि मतभेद नसेल तर चर्चाही होत नाही. टीम सत्रभर बदलू नका. पहिल्या दोन घटकांत विद्यार्थी एकमेकांना चाचपडत असतात. 'हे उत्तर मला पटत नाही' हे मोकळेपणानं म्हणायला तिसरा घटक उजाडतो.

तयारी चाचणीत कसले प्रश्न असावेत?

वाचलेल्याला जमतील पण व्याख्या पाठ केलेल्याला चुकवतील असे. अर्थशास्त्रातलं उदाहरण घ्या. 'मागणीची लवचीकता म्हणजे काय?' या प्रश्नावर टीम काय बोलणार? त्याऐवजी असं विचारा: गुळाचा दर 10 टक्क्यांनी वाढला आणि मागणी 4 टक्क्यांनी घटली. विक्रेत्याचं एकूण उत्पन्न (अ) घटेल, (ब) तेवढंच राहील, (क) साधारण 5.6 टक्क्यांनी वाढेल, (ड) 10 टक्क्यांनी वाढेल.

पहिली प्रतिक्रिया बहुधा 'मागणी घटली म्हणजे तोटा' अशी असते. मग कुणीतरी 1.10 गुणिले 0.96 करतं, 1.056 येतं, आणि लवचीकता (मागणीतली 4 टक्के घट भागिले दरातली 10 टक्के वाढ) 0.4 म्हणजे एकाहून कमी असल्यानं उत्पन्न वाढतं हे त्याला सहकाऱ्यांना समजावून द्यावं लागतं. शिक्षकानं सांगितलेलं पुढच्या आठवड्यात विसरतं. स्वतः दुसऱ्याला पटवून दिलेलं विसरत नाही.

10 प्रश्नांत साधारण तीन सोपे, पाच या पातळीचे आणि दोन असे ठेवा की ज्यात एकट्याला खात्री वाटणार नाही. 'वरील सर्व' आणि 'यापैकी नाही' हे पर्याय टाळा. त्यांच्यावर टीम अंदाज बांधते, विचार करत नाही.

टीम चाचणीत उत्तर लगेच कळलं पाहिजे, पण स्क्रॅच कार्डं आणायची कुठून?

प्रत्यक्ष वर्गात यासाठी खरवडायची कार्डं वापरतात. बरोबर पर्यायाखाली खूण निघते. पहिल्याच प्रयत्नात निघाली तर 4 गुण, दुसऱ्यात 2, तिसऱ्यात 1, नाहीतर 0. 10 प्रश्नांपैकी सात पहिल्या, दोन दुसऱ्या आणि एक तिसऱ्या प्रयत्नात सुटला तर 28, 4 आणि 1 मिळून 40 पैकी 33.

ऑनलाइनला मूडल असेल तर काम सोपं. क्विझमध्ये प्रश्नांची पद्धत 'इंटरॅक्टिव्ह विथ मल्टिपल ट्राइज' ठेवा. प्रत्येक प्रश्नाला दोन हिंट द्या. 'पुन्हा चर्चा करा' एवढं लिहिलं तरी चालतं, पण रिकामी सोडू नका. जितक्या हिंट त्याहून एक जास्त प्रयत्न मिळतो. पेनल्टी 33.33 टक्के ठेवली की 4 गुणांच्या प्रश्नाला अनुक्रमे 4, 2.67 आणि 1.33 मिळतात. अगदी 4-2-1 जमत नाही, पण हेतू साधतो. साध्या क्विझमध्ये टीमच्या नावानं प्रयत्न करण्याची सोय नसते. म्हणून प्रत्येक टीममधला एकच जण उत्तरं भरेल आणि त्याचे गुण बाकीच्यांना हातानं टाकावे लागतील. दर घटकाला उत्तरं भरणारा बदला.

मूडल नसेल तर गूगल फॉर्म. प्रत्येक प्रश्न वेगळ्या सेक्शनमध्ये ठेवायचा आणि 'उत्तरानुसार पुढच्या सेक्शनला जा' ही सोय वापरायची. चुकीचा पर्याय निवडला की तोच प्रश्न त्याच पर्यायांसह पुन्हा येतो. एका प्रश्नाला तीन सेक्शन लागतात, म्हणून इथं 10 ऐवजी 5 प्रश्नच ठेवा. एक पळवाट लक्षात असू द्या: 'मागे' बटण दाबून पर्याय बदलला की आधीचा चुकीचा प्रयत्न नोंदीत राहत नाही. म्हणून उत्तरं भरणाऱ्यानं आपला स्क्रीन टीमला दाखवत ठेवायचा, हा नियम पहिल्या दिवशीच सांगा.

प्रश्नांचा क्रम वैयक्तिक चाचणीत उलटसुलट केला तरी हरकत नाही. टीम चाचणीत मात्र तो पक्का ठेवा. नाहीतर एकजण आपल्या कागदावरच्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल बोलतो आणि दुसऱ्याच्या लेखी तो सातवा असतो.

टीमला नेमका कसला प्रश्न द्यायचा?

उपयोजनाच्या प्रश्नात चार गोष्टी हव्यात. प्रश्न महत्त्वाचा असावा, सगळ्या टीमना तोच असावा, उत्तर म्हणून एकच ठाम निवड करावी लागावी आणि सगळ्यांनी उत्तर एकाच क्षणी जाहीर करावं. चारपैकी एक जरी गळाली तरी चर्चा सैल पडते.

समजा विषय आपत्ती व्यवस्थापन आहे. 'कोल्हापुरातील पूरस्थिती व उपाययोजना यावर टीमने अहवाल लिहा' असं दिलं की काम वाटलं जाणार, इंटरनेटवरून उतारे येणार आणि आठ टीमचे आठ सारखे अहवाल तुम्हाला तपासावे लागणार. तेच असं देऊन बघा:

'सायंकाळचे 6. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी 37 फूट 6 इंच. गेले चार तास दर तासाला 2 इंच वाढ. इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. राधानगरी धरण भरत आलं आहे आणि त्याचे स्वयंचलित दरवाजे रात्रीत उघडू शकतात. चिखली आणि आंबेवाडीतल्या लोकांचं आणि जनावरांचं स्थलांतर कधी सुरू करायचं? (अ) आत्ता, (ब) पातळी 39 फुटांवर आल्यावर, (क) उद्या सकाळी 7 वाजता उजेडात, (ड) 43 फुटांवर आल्यावर. एकच निवडा आणि तीन ओळींत कारण लिहा.'

39 आणि 43 फूट या खऱ्या पातळ्या आहेत. बाकीचे आकडे वर्गासाठी कल्पलेले. आता टीमला हिशोब करावाच लागतो. तासाला 2 इंच धरले तर 39 फूट गाठायला 18 इंच म्हणजे 9 तास, पहाटे 3 वाजता. सकाळी 7 ला पातळी 39 फूट 8 इंच असेल. 43 फुटांना 66 इंच म्हणजे 33 तास आहेत. या हिशोबानं (क) शहाणपणाचा वाटतो, कारण अंधारात, पावसात म्हशी हलवणं सोपं नाही. पण दरवाजे लगेच उघडून वाढ तासाला 4 इंच झाली तर 43 फूट दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहालाच येतात, आणि 7 ला सुरुवात केलेल्यांच्या हातात साडेतीन तासच उरतात. तेवढ्यात रस्ता पाण्याखाली गेला तर? वाढ बदलेल असं धरायचं की नाही, यावर टीममध्ये वाद होतो. तुम्हाला शिकवायची असलेली जोखमीची संकल्पना नेमकी तिथंच असते. ज्यांच्या घरात 2019 आणि 2021 चं पाणी शिरलं होतं असे विद्यार्थी वर्गात असतील. त्यांच्या बोलण्याला वाव द्या, पण त्यांना आग्रह करू नका.

विषय कोणताही असो, क्रियापद तपासा. 'चर्चा करा', 'स्पष्ट करा', 'यादी करा' ही क्रियापदं टीमला एकेकटं करतात. 'निवडा', 'क्रम लावा', 'मंजूर की नामंजूर ते ठरवा', 'कोणता पुरावा सगळ्यात कच्चा आहे ते सांगा' ही टीमला एकत्र बसवतात.

ऑनलाइन वर्गात सगळ्यांनी एकाच वेळी उत्तर कसं जाहीर करायचं?

उत्तर चॅटमध्ये टाइप करून ठेवायचं, पण पाठवायचं नाही. शिक्षकानं 'पाठवा' म्हटलं की आठही टीमच्या प्रतिनिधींनी एकदम पाठवायचं. नाहीतर कागदावर मोठा अ, ब, क, ड लिहून कॅमेऱ्यासमोर धरायचा. आधी एका टीमला बोलू दिलंत तर पुढच्या टीम 'आमचंही तेच' म्हणून मोकळ्या होतात. उत्तरं आली की सगळ्यात कमी मतं पडलेल्या पर्यायापासून बोलायला सुरुवात करा. बहुमतवाल्यांना आधी बोलावलं तर अल्पमतातली टीम माघार घेते.

गगनबावडा, शाहूवाडी, चंदगडकडच्या विद्यार्थ्यांना पावसाळ्यात रेंजच नसते, लाईटही जाते. त्यांचं काय?

जून ते सप्टेंबर या काळात सत्राचे पहिले घटक येतात, म्हणजे ही अडचण येणारच असं धरून आखणी करा. टीमनं पहिल्या बैठकीतच पर्याय ठरवून कागदावर लिहून ठेवावेत. पहिला पर्याय झूम किंवा मीटची खोली. तो तुटला तर व्हॉट्सअॅपचा ग्रुप व्हॉइस कॉल, व्हिडिओ बंद. त्याला डेटा फार कमी लागतो. तोही लागला नाही तर साधा फोन: प्रतिनिधी इंटरनेट तुटलेल्याला फोन लावून स्पीकरवर ठेवतो. प्रश्न आधीच पीडीएफमधून सगळ्यांच्या मोबाईलमध्ये उतरवलेले असतील तर बोलायला आवाज पुरतो, पडदा लागत नाही. टीम चाचणीचे प्रश्न मात्र वैयक्तिक चाचणी झाल्यावरच पाठवा.

वैयक्तिक चाचणीसाठी ठरावीक 15 मिनिटांचा तास लावू नका. सकाळी 7 ते रात्री 10 मधली कोणतीही 15 मिनिटं घेऊ द्या. मूडलमध्ये ही वेळमर्यादा लावता येते. गूगल फॉर्मला स्वतःचं घड्याळ नसतं, तिथं दोन वेगळ्या वेळा ठेवा आणि त्या-त्या वेळेपुरताच फॉर्म उघडा ठेवा. शिवाय वैयक्तिक आणि टीम चाचण्यांतले सगळ्यात कमी गुण मिळालेला एक घटक प्रत्येकाचा सोडून द्या. मग लाईट गेल्याचे पुरावे मागायची वेळ येत नाही.

कॅमेरा सक्तीचा करू नका. एका खोलीत चारजण राहतात, मागं चूल पेटलेली असते. विद्यार्थी आहे की नाही हे त्याच्या बोलण्यावरून कळतं.

झूमच्या मोफत खात्यावर 40 मिनिटांत मीटिंग बंद होते.

मग बैठक 40 मिनिटांत बसवा: 5 मिनिटं सूचना, 20 खोल्यांत चर्चा, 15 जाहीर करणं आणि वाद. खोल्यांना टीमचे क्रमांक द्या आणि विद्यार्थ्यांना आपली खोली स्वतः निवडू द्या. हातानं 50 जणांना वाटत बसलात तर त्यातच सात-आठ मिनिटं जातील.

अपील म्हणजे काय आणि ते कशाला?

टीम चाचणी झाल्यावर 24 तासांत टीमला लेखी हरकत घेता येते. 'प्रश्न अवघड होता' ही हरकत होत नाही. नेमक्या पानाचा आधार द्यायचा किंवा प्रश्न कसा लिहायला हवा होता ते लिहून द्यायचं. मान्य झालं तर गुण हरकत घेणाऱ्या टीमलाच मिळतात, सगळ्या वर्गाला नाही.

उदाहरणार्थ, बौद्धिक संपदेच्या घटकात प्रश्न आहे: बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीत बनलेली चप्पल 'कोल्हापुरी'च्या भौगोलिक निर्देशांकात बसते का? उत्तरतालिकेत 'नाही' आहे. टीमनं लिहून दिलं की 2019 च्या नोंदणीत महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे आहेत. टीम बरोबर आहे, तालिका चुकली. असं अपील मोकळ्या मनानं मान्य करा आणि वर्गात वाचून दाखवा. हरलेल्या प्रश्नासाठी पुस्तकात पुन्हा शिरलेला विद्यार्थी तो भाग सगळ्यात नीट वाचतो, म्हणून अपील वगळू नये.

गुण कसे द्यायचे?

ऑनलाइन कार्यक्रमांसाठी यूजीसीच्या 2020 च्या नियमावलीत सत्रांतर्गत मूल्यमापनाला जास्तीत जास्त 30 टक्के वजन आहे. तुमच्या विषयाच्या अभ्यासक्रमात अंतर्गत गुणांची विभागणी आधीच छापलेली असेल तर तिच्यातच बसवा. मोकळीक असेल तर 30 गुणांसाठी ही मांडणी चालते: वैयक्तिक चाचण्या 15, टीम चाचण्या 8, उपयोजन 7. वरच्या उदाहरणातले 40 पैकी 33 म्हणजे 8 पैकी 6.6.

वैयक्तिक वजन निम्म्याखाली नेऊ नका, मेहनती विद्यार्थ्याला अन्याय वाटतो. पण टीमचं वजन 5 गुणांवर आणलंत तर कुणी चर्चेला थांबणार नाही.

एकजण काहीच करत नाही आणि गुण मात्र सगळ्यांबरोबर घेतो. हे कसं थांबवायचं?

ही तक्रार रास्त आहे. सहकारी मूल्यमापन त्यासाठीच असतं. सहा जणांच्या टीममध्ये प्रत्येकानं उरलेल्या पाच जणांत 100 गुण वाटायचे. सगळ्यांना 20-20 देता येणार नाहीत. निदान एकाला जास्त आणि एकाला कमी द्यावेच लागतात, आणि प्रत्येकाबद्दल एक ओळ: कशाचा उपयोग झाला, काय बदलायला हवं. मिळालेल्या गुणांची बेरीज सरासरीनं 100 येते. ती टक्केवारी म्हणून टीमच्या गुणांना लावायची. टीमला 15 पैकी 12 असतील आणि एखाद्याची बेरीज 110 असेल तर त्याचे 13.2 होतात, बेरीज 85 असेल तर 10.2. वरची मर्यादा 15. सात जणांच्या टीममध्ये 120 वाटायला द्या आणि आलेली बेरीज 120 नं भागा, म्हणजे सरासरी तीच राहते.

पहिलं मूल्यमापन तिसऱ्या घटकानंतर आणि गुणांशिवाय करा. त्यातल्या ओळी नावं काढून ज्याच्या त्याला पोचवा. बरेच जण आळशी नसतात. आपण गप्प असतो हे दुसऱ्यांना खटकतंय, हे त्यांना ठाऊकच नसतं. थेट शेवटी गुण कापले तर त्यांना सुधारायला जागा राहत नाही.

आणि कमी गुण पडलेल्याला आधी फोन करा. कधी कारण वेगळंच निघतं: घरात एकच मोबाईल, ऊसतोडीचा हंगाम, आजारी माणूस.

काही जणं बोलतच नाहीत, विशेषतः मुली.

घरातले शेजारी बसलेले असताना मोठ्यानं बोलणं अवघड जातं. चर्चेआधी दोन मिनिटं शांतता ठेवा. प्रत्येकानं आपलं उत्तर आणि एक कारण टीमच्या चॅटमध्ये लिहायचं, मग बोलायचं. लिहिलेलं मत पुढे असलं की प्रतिनिधीला विचारता येतं, 'तू क का म्हणालीस?' उत्तरं भरणारा आणि बाजू मांडणारा ही दोन्ही कामं पाळीपाळीनं बदलत ठेवा.

वाचन इंग्रजीत, विद्यार्थी मराठीत. भाषा कोणती ठेवावी?

प्रश्न दोन्ही भाषांत द्या, संज्ञा इंग्रजी उच्चाराप्रमाणेच ठेवा, चर्चा ज्याला जशी येते तशी. इथली मुलगी 'मी सांगतो' म्हणाली तर सांगू द्या. भाषा दुरुस्त करायला थांबवलेलं माणूस पुन्हा तोंड उघडत नाही. एक तांत्रिक काळजी घ्या: जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेले प्रश्न फॉर्ममध्ये चिकटवले की निरर्थक अक्षरं दिसतात. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा आणि जोडाक्षरं नजरेखालून घाला. 'र्‍य' आणि 'क्ष' हमखास तुटतात.

घरी बसून वैयक्तिक चाचणीत कॉपी होणारच. मग उपयोग काय?

थोडी होते. पाच-सहा चाचण्यांत 15 गुण विभागले की एका चाचणीला तीन गुणांच्या आतबाहेर येतात. तेवढ्यासाठी धोका पत्करणारे कमी होतात. दुसरी रोखणारी गोष्ट टीम स्वतः असते: वैयक्तिक चाचणीत दहापैकी दहा घेणारा टीममध्ये एकाही उत्तराचं कारण देऊ शकत नाही, हे तिथं बसलेल्या पाच जणांना लगेच कळतं. कॅमेऱ्यातून पाळत ठेवणारी साधनं या चाचणीसाठी लावू नका. ती कमकुवत रेंजवर बंद पडतात आणि नुकसान प्रामाणिक विद्यार्थ्याचं होतं.

सत्राच्या मध्यात विद्यार्थी गळाले आणि टीममध्ये तिघंच उरले तर?

दुसऱ्या छोट्या टीममध्ये विलीन करा, पण घटक संपल्यावरच, मधेच नाही. गळती जास्त असलेल्या अभ्यासक्रमात सुरुवातच सात जणांनी करा. शेवटच्या दोन घटकांत मात्र विलीन करू नका. तिघांना तसंच चालू द्या.

पहिल्यांदाच करतोय. कुठून सुरुवात करू?

एका विषयातला एकच घटक घ्या आणि कामाला उलट्या बाजूनं लागा. आधी उपयोजनाचा प्रश्न लिहा, मग तो सोडवायला कोणते मुद्दे लागतात ते बघून तयारी चाचणीचे 10 प्रश्न, आणि शेवटी त्या मुद्द्यांपुरतंच वाचन निवडा. वाचनापासून सुरू केलं की 60 पानं होतात आणि कुणीच वाचत नाही. घटकाच्या आधीच्या आठवड्यात अभ्यासक्रमाच्या सूचनापत्रावर पाच प्रश्नांची बिनगुणांची चाचणी घ्या: गुण कसे मिळतात, अपील किती तासांत करायचं, रेंज गेली तर कुणाला फोन करायचा. त्यात कुणाचा फॉर्म उघडत नाही, कुणाला खोली सापडत नाही, कुणाच्या मोबाईलवर देवनागरी तुटते हे सगळं त्याच दिवशी कळतं आणि दुरुस्तीला आठवडा मिळतो.